चिडाचं तेल आणि कबरी मांजरी

एका राज्यात डोंगरच डोंगर होते, आणि डोंगरांवर सुईसारख्या पानांचं गर्द रान होतं. तिथला राजा उग्रकेतू. माणूस वाईट नव्हता हो, पण राजा होता. आपलंही चुकू शकतं, हे त्याला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा शिकारीत त्याने रानातल्या मांत्रिकाचं मांजर बाणाने मारलं, आणि वर हसला. मांत्रिकाने मेलेलं मांजर मांडीवर घेतलं. म्हणाला, "राजा, तुझ्या लेकीचा जीव आजपासून एका मांजरीत. ती तुझ्या घरात झुरत जाईल. तिला कोण मारतंय, हे भर दरबारात खरं सांगशील, तेव्हा लेक जागी होईल. त्याआधी मांजरी मेली, तर लेकही गेली."

राजा धावत घरी आला. राजकन्या चारुलेखा पलंगावर निजलेली. श्वास चालू, पण हाकेला ओ नाही. उशाशी एक कबरी मांजरी बसून राजाकडे टक लावून बघत होती. राजाने तिला छातीशी धरलं आणि लहान पोरासारखा रडला.

आता त्या राज्याची रीत ऐका. घरात कुणी आजारी पडलं, की चिडाच्या झाडाची राळ उकळून तेल काढायचं, त्याने फरशा पुसायच्या, थोडं अंगाला चोळायचं. वासानेच रोग पळतो म्हणे. माणसांना ते मानवतही असे. मग काय, राजवाड्यात सकाळ-संध्याकाळ तेलाने फरशा पुसणं सुरू! आणि मांजरी झुरू लागली. तोंडातून लाळ गळे, चालताना झोक जाई, दुधाला तोंड लावीना. राजाने आणखी तेल मागवलं. रोज स्वतःच्या हाताने तिच्या पाठीला चोळी. ती बोचकारे, पलंगाखाली दडे. राजा तिला ओढून काढी, घट्ट धरी आणि म्हणे, "बाळ, तुझ्याच भल्यासाठी." सेवेची हौस केवढी मेल्याला!

एके दिवशी अंगणात मांजरीने चिडाची पडलेली पानं चघळली आणि ओकून टाकली. राजाने ते पाहिलं मात्र, तो गरजला, "सापडला वैरी! रानातलं एकूणएक झाड तोडा!"

पिंजऱ्यातली साळुंकी बोलली, "राजा, तोडल्यावर विचारशील कुणाला? आधी विचार, मग तोड."

राजा रानात निघाला. पहिला भेटला चीड. म्हणाला, "तलवार ठेव, मग बोलतो." राजाने तलवार ठेवली.

"माझी पानं टोचतात," चीड म्हणाला. "मांजर चघळेल, तोंड सोलवटेल, पोट दुखेल, ओकेल. पानं झाडून काढ. पण तुझी मांजरी रोज झुरते. मी उभा आहे तिथेच उभा आहे, रोज तिच्यापाशी येत नाही."

दुसरा देवदार. त्याने मुकुट मागितला. राजाने तोही ठेवला. "रानमांजरं माझ्या खोडावर नखं घासतात, सावलीत निजतात, उठून जातात," देवदार म्हणाला. "पुढे जा."

तिसरा थुनेर, दरीच्या काठावरचा, काळपट पानांचा, लाल फळांचा. त्याने जोडे मागितले. राजा अनवाणी झाला.

"मी मारतो," थुनेर म्हणाला. "घोडा असो, माणूस असो, मांजर असो, माझा पाला पोटात गेला की काळीजच थांबतं. मला कुंपण घाल. पण राजा, मी असा थोडा थोडा मारत नाही. तुझ्या मांजरीला थोडं थोडं देणारा घरातलाच कुणीतरी आहे."

राजा पेटून उठला. वैद्य? दासी? स्वयंपाकी? वाटभर एकेकाला मनात सुळावर चढवत तो राजवाड्यात शिरला. अनवाणीच. आणि तळपायांना फरशी चिकटली. जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्याच घराची जमीन लागली. पाय तेलाने माखले, चुरचुरू लागले. समोर मांजरी कोपऱ्यात बसून पंजा चाटत होती. तेलकट पंजा. मग पाठ वळवून पाठ चाटू लागली, जिथे रोज त्याचा हात फिरे तिथेच.

 राजाने ऊन पाणी आणवलं, तिला धुतलं, पुसलं. पण फार उशीर झाला होता, श्वास जेमतेम चालू होता. लेकराला पदरात घ्यावं तसं तिला उपरण्यात गुंडाळून तो दरबारात उभा राहिला, ना मुकुट, ना तलवार, ना जोडे.

"हिला मी मारलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी नाही. मी, माझ्या या हातांनी."

त्याच क्षणी आत चारुलेखा उठून बसली. वाड्यात आनंदाचा कल्लोळ झाला. कबरी मांजरीने मात्र उपरण्यातच मान टाकली. तिचा स्वतःचाही एक जीव होता, याची आठवण ना राजाला राहिली होती, ना त्या मांत्रिकाला.

राजा लेकीकडे धावला. "बाळ, ओळखलंस मला?"

"ओळखलं," चारुलेखा म्हणाली. "मी तिच्या आतच होते, बाबा. तुमच्या पावलांचा आवाज आला की आम्ही पलंगाखाली शिरायचो. मी ओरडत होते. तुम्ही म्हणत होता, तुझ्याच भल्यासाठी."

शाप उतरला. राज्य मार्गी लागलं. फरशा साध्या पाण्याने पुसू लागले, अंगणातली पानं रोज झाडू लागले, थुनेराला कुंपण पडलं, एकही झाड तुटलं नाही. चारुलेखा मोठी झाली, गादीवर बसली, न्यायाने वागली. पण म्हातारा बाप आशीर्वादाला हात उचले, तेव्हा तिची मान आपोआप मागे सरे. मग तो हात खाली घेई.

शाप सरला, कहाणी सरली. तो हात मात्र अखेरपर्यंत तिच्या डोक्यावर टेकला नाही.