वासवीचे सूप

फार पूर्वी वाराणसीत एक धर्मशील राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या कुंभारवाड्यात थोरले कुंभार होऊन राहत होते.

कच्ची मडकी वाळवणाऱ्यांचा अर्धा जीव आभाळात असतो. तिथल्या लोकांनी ढगांना नावे दिली होती: पिंजलेला कापूस, माशाचे खवले, वासराची जीभ. जो ढग नुकसान करी, त्याला मात्र पहिला फटका बसलेल्या घराचे नाव देत, म्हणजे पुढच्यांनी सावध राहावे. गारांचा एक काळा, सुपासारखा पसरट ढग होता. त्याने पहिल्यांदा विधवा वासवीची मडकी फोडली, म्हणून तो 'वासवीचे सूप' झाला.

वर्षे गेली, रिवाजाचे कारण लोक विसरले, नाव तेवढे उरले. एका चैत्रात ते सूप पुन्हा आले आणि राजवाड्यासाठी घडवलेले रांजण फुटले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण लोक वासवीच्या दारात जमले.

"सूप हिचं, गारा हिच्या! घाला हिला वेशीबाहेर!"

या वयात ती बिचारी कुठे जाणार होती?

बोधिसत्त्व म्हणाले, "बाबांनो, यंदा पहिली गार माझ्या रांजणावर पडली. रिवाजाने ढग आता माझ्या नावाचा."

"मग पुढच्या खेपेला तुम्हाला जावं लागेल, तात."

"जाईन."

पुढच्या चैत्रात तो ढग दिसताच बोधिसत्त्व काठी घेऊन निघाले. सगळ्यांना वाईट वाटले, पण अडवले कोणीच नाही. वासवी तेवढी दारामागचे सूप उचलून धावली. वेशीबाहेर तिने ते त्यांच्या डोक्यावर धरले. "दादा, माझं ओझं घेतलंत, एवढं तरी करू द्या."

गारा त्या सुपावर ताडताड वाजल्या. तशाच त्या कुंभारवाड्यातल्या मडक्यांवरही पडल्या. ढगाचा धनी वेशीबाहेर उभा असूनही गारा आत पडताना पाहून लोक खजील झाले. त्यांनी दोघांना हात धरून घरी आणले.

तेव्हापासून त्या ढगाला नुसते 'सूप' म्हणू लागले. तो दिसला की कोणी कोणाच्या दारात जमत नसे. "सूप आलं, मडकी झाका!" एवढीच हाक उठे आणि वासवीची मडकी सगळे आधी झाकत.

ही कथा आपल्या भिक्षूंना सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तुम्ही जिला अपशकुनी म्हणून पंगतीत टाळता, ती भिक्षुणी तेव्हाची वासवी. ते कुंभार तुम्हीच, आणि थोरला कुंभार मी होतो. दुसऱ्याला लागलेला बोल आपल्या नावावर घेणे, हीच करुणा."

त्या दिवशी भिक्षुणीच्या शेजारची जागा रिकामी राहिली नाही.