काचेपलीकडची वैरीण

मालवणच्या एका खानावळीत काचेची मोठी टाकी होती आणि तिच्यातल्या खाऱ्या पाण्यात एक विदूषक मासोळी राहत असे. अंगाने नारिंगी, त्यावर पांढरे पट्टे, आणि पोहण्यात असा तोरा की जणू टाकीचा सातबारा तिच्याच नावावर आहे. बाजारात हिच्या जातीला क्लाउनफिश म्हणतात. खानावळीत येणारी माणसं सुरमईच्या तुकडीवर लिंबू पिळता पिळता तिच्याकडे बघत आणि किती गोड आहे असं एकमेकांना सांगत. मासोळीला ते पटत असे. सुरमईचं काय झालं, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

टाकीच्या मधोमध एका खडकावर समुद्रफूल होतं. फूल आपलं नावाला, मुलांनो. खरं तर तो एक प्राणीच. त्याच्या बोटांसारख्या लांब पाकळ्या ज्याला लागतील त्याला सणसणीत चटका बसतो. विदूषक माशांना मात्र त्या पाकळ्यांची हळूहळू सवय होते, आणि एकदा ती झाली की त्यांच्यासाठी याहून निर्धास्त घर दुसरं नाही. मासोळीचा जोडीदार होता तोवर ती दोघं या फुलात राहत. तो गेल्यावर ती एकटी उरली. फुलात अजूनही दोघांपुरती जागा होती, पण ती आता बरोबर मधोमध झोपत असे, म्हणजे बाजूला कोणाची जागा रिकामी आहे असं दिसायला नको. तिला त्याची फार आठवण येई. हे तिने टाकीत कोणालाही सांगितलं नव्हतं.

खानावळीच्या मालकीणबाईंना सगळे मयेकरवहिनी म्हणत. मासोळी एकटी पडली आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी पणजीच्या दुकानातून एक लहानसा विदूषक मासा आणला. त्याची पिशवी त्यांनी आधी नुसती पाण्यावर तरंगत ठेवली. मग टाकीतलं पाणी वाटी-वाटीने पिशवीत ओतत राहिल्या, कारण पाणी एकदम बदललं तर माशाला सोसत नाही. एवढ्या बेताने तर लोक नव्या सुनेलाही घरात घेत नाहीत. शेवटी त्याला टाकीत सोडून त्या काचेला तोंड लावून मासोळीला म्हणाल्या, "नवीन आसा गो तो. जरा सांभाळून घे तेका."

मासोळीला मालवणी उत्तम समजत असे. ऐकायचं की नाही, ते ती स्वतः ठरवत असे.

विदूषक माशांत एक रीत आहे. धाकट्याने थोरल्यासमोर आलं की अंग तिरकं करायचं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरायचं. हा त्यांचा नमस्कार. थोरल्याने तो घेतला की धाकट्याला राहायला परवानगी मिळते. नवा मासा लहान असला तरी रीत जाणून होता. तो फुलापासून बराच अलीकडे थांबला, तिरका झाला आणि थरथरू लागला. पण मासोळीला एवढंच दिसलं की कोणीतरी आपल्या घराच्या दिशेने आलं आहे. नमस्कार पुरा व्हायच्या आतच ती त्याच्यावर धावून गेली. तिने त्याला टाकीभर पिटाळलं, त्याच्या शेपटीचा लचका तोडला आणि बजावलं, "हे घर माझं आहे. इकडे परत फिरकायचं नाही."

तो पंपाच्या नळीमागे जाऊन राहिला. तिथे पाण्याला इतका जोर होता की अंग सावरण्यातच त्याची शक्ती जाई. वहिनी खाऊ टाकत तेव्हा तो बाहेर डोकावे, आणि मासोळी त्याला पुन्हा आत हाकलून देई. त्याचा नारिंगी रंग फिका पडत चालला. टाकीत एक कोळंबी होती. माशांच्या अंगावरची घाण साफ करून देणं हा तिचा धंदा, आणि ज्याचं अंग साफ करत असेल त्याचीच बाजू घेणं हा तिचा स्वभाव. मासोळीच्या पाठीवर बसून ती म्हणाली की हल्लीची नवी पिढी फारच आगाऊ आहे. नळीमागे जाऊन ती नव्या माशाला म्हणाली की जुनी माणसं फार माजतात. दोघांकडचं काम पक्कं झालं. पण नव्या माशाच्या पोटात काही गेलं नाही.

वहिनींनी हे सगळं पाहिलं. हा असाच उपाशी राहिला तर फार काळ जगायचा नाही, हे त्यांना कळत होतं. मग त्यांनी मासे पाळणाऱ्यांची एक जुनी युक्ती केली. खानावळीत हात धुवायच्या जागी टांगलेला आरसा काढून आणला आणि टाकीच्या एका बाजूला, काचेला बाहेरून टेकवून उभा केला. मासोळीचं लक्ष तिकडे लागलं तर तेवढ्यात बिचारा दोन घास खाईल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

मासोळी सकाळची फेरी मारायला निघाली आणि जागीच थबकली. काचेपलीकडे एक अनोळखी मासोळी उभी होती. तिच्याएवढीच मोठी, तिच्यासारखीच नारिंगी, आणि नजर अशी की आता खाऊ की मग खाऊ. आपली मासोळी चिडली, तर तीही चिडली. हिने कल्ले फुगवले, तिनेही फुगवले. ही धावून गेली, तर ती भित्री म्हणून मागे सरकेल की नाही? तीही तेवढ्याच त्वेषाने धावून आली आणि दोघींची तोंडं काचेवर आपटली.

तेव्हापासून मासोळीला दुसरं काही सुचेना. ती काचेसमोरून हलायला तयार नव्हती, कारण आपण हललो की ती आत घुसेल अशी तिला धास्ती होती. खाऊ पडला तरी ती वळून बघत नसे. झोपायला तेवढी फुलात येई, तीही काचेकडे तोंड करून. तिचा ओठ सुजला, एक पर फाटला. आयुष्यात पहिल्यांदा ती घाबरली होती. नवऱ्याच्या आठवणींचं ते घर हातचं जाणार, या विचाराने तिला रडू येत होतं, आणि माशाला पाण्यात रडून काही उपयोग नसतो.

इकडे नवा मासा नळीमागून बाहेर आला. त्याने पोटभर खाल्लं. मग तो फुलाच्या कडेशी गेला. जन्म दुकानातला असल्याने त्याने असं फूल पाहिलं नव्हतं. शेपटीचं टोक पाकळीला लावलं तर चटका बसला, म्हणून मागे झाला. पुन्हा लावलं. मग शेपटी, मग पर, मग पोट, असं करत करत एके दिवशी पाकळ्यांनी त्याला आत घेतलं.

मासोळीच्या ओठातून रक्त येताना पाहून वहिनींना राहवेना. त्यांनी आरसा काढला आणि पुन्हा हात धुवायच्या जागी टांगला. मासोळीने पाहिलं तर वैरीण नाहीशी! ती काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. कुठेच कोणी नाही. कोळंबी लगेच तिच्या पाठीवर चढून म्हणाली की असा पराक्रम या टाकीत आजवर कोणी केला नव्हता. मासोळीला तेही पटलं. थकून, पण विजयाने फुगून, ती घरी निघाली.

फुलात नवा मासा बसला होता. एरवी तिने त्याला फाडून खाल्लं असतं, पण आज अंगात जोर नव्हता, आणि झालेली लढाई कोणाला तरी सांगितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. तिने त्याला पहिल्यापासून सगळं ऐकवलं. ती वैरीण कशी टपून बसायची, कशी अंगावर यायची, कोणी काही बिघडवलेलं नसताना केवढा राग तो.

"नशीब समज, ती आत आली नाही," मासोळी म्हणाली. "तिचे डोळे बघितले असतेस तर जागीच गार पडला असतास. असे डोळे तू उभ्या जन्मात पाहिले नसतील."

"पाहिलेत, मावशी," नवा मासा म्हणाला. "मी आलो त्या दिवशी."

तो हे टोचून बोलला नाही. तिने विषय काढला, म्हणून त्याने सांगितलं. मग ती आपल्याला आता हाकलणारच असं धरून तो पाकळ्यांमधून बाहेर पडला, अंग तिरकं केलं आणि जायच्या आधी थरथरून नमस्कार केला. या वेळी मासोळीने तो शेवटपर्यंत पाहिला. त्याची शेपटी एका बाजूला तुटलेली होती आणि ती जखम कोणाच्या दातांची आहे हे तिला ठाऊक होतं.

मग मधली जागा सोडून ती एका बाजूला सरकली.

"इथे आत झोप," ती म्हणाली. "कडेला पाण्याचा जोर लागतो."

तात्पर्य : नव्याने आलेल्याकडे आपण ज्या डोळ्यांनी बघतो, ते डोळे एकदा समोरूनही बघावेत.