कुपाकची सुई

तो काळा खडक बघितलात? सगळा किनारा बर्फाखाली गेला तरी त्याच्या माथ्यावर बर्फ टिकत नाही. वाऱ्यामुळे, असं माझा जावई म्हणतो. म्हणू दे बापडा. आमच्याकडे वेगळं सांगतात.

फार पूर्वी इथे कुपाक नावाची बाई राहायची. तिच्याकडे वालरसच्या सुळ्याची सुई होती आणि एक उलू, म्हणजे आम्हा बायकांची चंद्रकोरीसारखी सुरी. तिची ही उलू फक्त शिवणाचं चामडं कापायची. कुपाकच्या भावजयीने, आर्नालुकने, ती मागून नेली आणि गोठलेल्या हाडावर चालवली. पात्याला खाच पडली. कुपाकच्या मस्तकात तिडीक गेली.

थोड्याच दिवसांत आर्नालुकची हाडाची सुई मोडली, तीही नवऱ्याचा बूट अर्धा शिवून झाल्यावर. ती कुपाकच्या दारात सुई मागायला आली. कुपाक म्हणाली, "आधी माझ्या पात्याची धार परत आण, मग सुई ने." ती बिचारी तशीच गेली.

सकाळी कुपाक बाहेर येते तो बर्फात तिच्या भावाच्या पावलांचे ठसे, समुद्राकडे गेलेले. डाव्या ठशात पट्टीचा वळ. उसवलेला बूट नुसता पट्टीने आवळून तो सीलच्या शिकारीला निघाला होता. इथे ओल्या पायाचा माणूस घरी परतत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. रागाच्या भरात आपण भावाच्या जिवावर उठलो, या विचाराने ती हादरली. सुई घेऊन ठशांमागे पळत सुटली.

भाऊ या खडकाशी सापडला, म्हणे. उसवणीतून पाणी शिरून पाय बधिर झालेला. तिने खडकावर बसून तो पाय आपल्या अंगरख्यात घेतला, पोटाशी धरला आणि बूट शिवायला घेतला. हातमोजे घालून टाका पडत नाही, म्हणून तेही काढले. टाके बारीक हवेत, घाई करून चालत नाही. बोटं पांढरी पडली तरी ती शिवत राहिली. शेवटची गाठ दातांनी मारली.

भाऊ आपल्या पायांनी घरी आला. कुपाकची बोटं मात्र गेली. पुढे जन्मभर तिचे कपडे आर्नालुकने शिवले. कुपाक खडकावर जिथे बसली होती, तिथली ऊब अजून गेलेली नाही, असं सांगतात.

आजही आमच्या गावात केवढंही भांडण होवो, मागितलेली सुई कुणी नाकारत नाही. आता माझंच बघा. भावजयीशी मी अख्खा हिवाळा बोललेले नाही, आणि एवढ्यात बोलणारही नाही. माझी सगळ्यात चांगली सुई मात्र सकाळपासून तिच्याच घरी आहे.