खडूची रेघ

चाकं अजून सभा भरवत असत, त्या काळातली गोष्ट. एका मोकळ्या मैदानावर हौशी मंडळी शंकू मांडून वळणावळणाची शर्यत लावत. तिथल्या एका लाल गाडीचा पुढचा डावा टायर चारही टायरांचा अध्यक्ष होता. हवा कमी ठेवून मऊ राहणं त्याला फार आवडे.

हवा पुरेशी आहे का, हे कळावं म्हणून गाडीची मालकीण शलाका प्रत्येक टायरच्या कडेवर खडूने रेघ ओढी; हवा कमी असली की टायर वळणावर कलंडे आणि रेघ जमिनीला घासून पुसली जाई. पहिल्या फेरीनंतर ती खडू टायरापुढे ठेवून पाणी प्यायला गेली. अध्यक्षांची रेघ जवळजवळ रिमपर्यंत घासली गेली होती.

"साहेब, वळणावर तुम्ही चक्क कुशीवर झोपता," खडू म्हणाला. "हवा वाढवून घ्या, नाहीतर रिमवरून सुटाल."

"काल आलेला खडू आम्हाला वळणं शिकवणार?" मागचा टायर फिस्कारला. "दादा, हा विरोधकांचा माणूस दिसतोय!"

लगेच सभा भरली. रेघांमुळे चाकांची बदनामी होते, असा ठराव झाला. अध्यक्षांनी पुढे सरकून खडूचा चुरा केला आणि सगळ्यांनी आपापल्या रेघा ओल्या गवतात पुसल्या. शलाका परतली. ना रेघ, ना खडू. "ठीकच असेल हवा," म्हणत ती निघाली.

पुढच्याच मोठ्या वळणावर अध्यक्ष रिमवरून सुटले. गाडी शंकू उडवत, फरपटत थांबली.

"दादा, फार लागलं का हो?" मागच्याने विचारलं.

"ते राहू दे. अंगावर रेघ दिसते का कुठे?"

"एकही नाही!"

"मग अभिनंदनाचा ठराव मांड."