घरात पाटलीणबाई होत्या

फार पूर्वी दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात एक गाव होतं, आणि त्या गावाला एक मानी पाटील होता. राजानं खोऱ्याच्या तोंडाशी मोठा तलाव बांधायला घेतला, तेव्हा गाव पाण्याखाली जाणार हे ठरलं. राजानं पलीकडच्या माळावर सगळ्यांना जमिनी दिल्या, घरं बांधून दिली. शिवाय एक लेखनिक पाठवला. बुडण्याआधी हे गाव कसं होतं ते लिहून ठेव, अशी त्याला आज्ञा होती.

पाटलाला आनंद झाला. त्यानं ओसरीवर बैठक घातली, पणजोबांची तलवार पुसून ठेवली. पण लेखनिक आधी कुंभारवाड्यात जाऊन बसला, मग नदीकाठी कोळ्यांच्या वस्तीत गेला. सकाळी उठून काय करता, पोराला झोपवताना काय म्हणता, भांडण झालं की कोण मिटवतं, असलं काहीबाही विचारत तो घरोघर फिरत राहिला.

शेवटी पाटलानं त्याला बोलावून घेतलं.

"कुंभारणीनं चुलीवर काय शिजवलं, हे लिहायला राजानं तुम्हाला पाठवलं का?"

"हो," लेखनिक म्हणाला. "लढाया लिहिणारे पुष्कळ आहेत, पाटील. पण पुढं कुणी विचारलं, की ही माणसं रोज जगत कशी होती, तर सांगायला कुणी उरत नाही."

पाटलाला ते पटलं नाही. त्यानं आपली वंशावळ सांगितली, लढाया सांगितल्या. लेखनिकानं सगळं लिहून घेतलं. मग त्याचं लक्ष आतल्या दाराकडे गेलं. पाटलीणबाई उंबऱ्याशी येऊन उभ्या होत्या.

"वहिनी, तुमचा दिवस कसा जातो?" त्यानं विचारलं.

"माझा होय?" पाटलीणबाईंनी पदर सावरला. त्यांचा चेहरा खुलला. "पहाटे उठले की मी आधी..."

"घरातलं घरात राहू दे," पाटील म्हणाला. "आमच्या घराचं सांगायचं ते सांगून झालंय."

पाटलीणबाई आत गेल्या. लेखनिक क्षणभर घुटमळला, मग कागद गुंडाळून उठला.

पाणी चढलं, गाव बुडालं. माणसं माळावर रुजली. काही वर्षांनी पाटलीणबाई तापानं गेल्या. त्यांची नात तेव्हा पाळण्यात होती.

ती लिहू-वाचू लागली, तेव्हा कुठं राजधानीतून त्या लिखाणाची पोथी आली. बाजाराच्या दिवशी दुपारी गुरव ती देवळात वाचू लागला. धुरपदा कुंभारीण मडक्यांशी बोलायची आणि एखादं तडकलं की त्याच्यावर रुसून बसायची, हे ऐकून सगळे हसले, आणि तिच्या मुलानं डोळे पुसले. ज्या पोरांनी जुनं गाव पाहिलंच नव्हतं, तीही घरं ओळखीची असल्यासारखी ऐकत होती.

मग पाटलाचं घर आलं. पाटील ताठ बसला. वंशावळ झाली, लढाया झाल्या.

"आणि आजी?" नातीनं विचारलं.

गुरवानं पान उलटून पाहिलं. "एवढंच आहे, बाळ. 'घरात पाटलीणबाई होत्या.'"

घरी जाताना नातीनं पुन्हा विचारलं, "आजोबा, आजी काय करायची?"

"घर सांभाळायची."

"म्हणजे कसं?"

 पाटील आयुष्यभर बायकोच्या हातचं जेवला होता, पण त्याच्या पाठीमागे तिचा दिवस कसा जायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. ती सांगायला आली होती, तेव्हा त्यानंच तिला थांबवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो नातीला घेऊन माळावरच्या नव्या कुंभारवाड्यात गेला आणि धुरपदेच्या सुनेच्या अंगणात बसला. पूर्वी तो तिथं कधी बसला नव्हता.

"आमची मंडळी कशी होती, ते सांगता का?"

ती आधी संकोचली. मग म्हणाली, "पाटलीणबाई नकला फार छान करायच्या. नदीवर, धुणं धुताना. सावकाराची करायच्या, गुरवाची करायच्या..." आणि थांबली.

"आणखी कुणाची?"

"तुमचीपण."

नात खुदकन हसली. पाटील म्हणाला, "माझी कशी करायच्या, दाखवा."

बाई उठली. हात पाठीशी बांधले, हनुवटी वर केली, दोनदा खाकरली आणि आभाळाकडे बघत बोलू लागली. पाटलानं स्वतःला ओळखलं. तो हसला. नदीवरचं ते हसणं त्याच्या स्वतःच्या घरात कधी त्याच्या कानावर आलं नव्हतं.

त्यानंतर तो दारोदार हिंडला. कुणी एक आठवण दिली, कुणी अर्धी. पाटील सांगायचा आणि नात लिहायची. पोथीतल्या त्या एका ओळीची कितीतरी पानं झाली. पण त्यात पाटलीणबाईंच्या स्वतःच्या तोंडचा एक शब्दही नव्हता.

तात्पर्य: माणूस समोर आहे तोवर त्याचा साधा दिवस त्यालाच विचारावा आणि टिपून ठेवावा; नाहीतर मागाहून तो गावभर गोळा करावा लागतो, आणि तरी पुरता हाती लागत नाही.