आवा निवेपर्यंत

परदेशात कला शिकून मी गावी परतले आणि कुंभारवाड्यात कलाकारांचं निवासी शिबिर सुरू केलं. तीन महिन्यांनी शिबिराला पैसा देणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष गाडीतून उतरले.

"गावात काय बदल झाला? आत्ता दाखवा, नाहीतर शिबिर बंद!"

इथं बाईनं चाकाला हात लावायचा नाही, अशी रीत. यंदा शिबिरात वाड्यातल्या शेवंताकाकूंनी चाकावर मडकी घडवली होती. ती आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजत होती. मी अध्यक्षांना तसं सांगितलं.

"मग उघडा आवा."

मी घाबरले. तापलेला आवा उघडला, तर मडकी तडकतात.

काकूंनी पदर खोचला. "उघडते की साहेब! पण घाई तुमची, तर पहिलं मडकं तुम्हीच काढा. नुसत्या हातानं. आम्हाला काय, आवा परवा निवला तरी चालतंय."

अध्यक्षांनी हात खिशात घातले आणि मुक्कामाची सोय विचारली.