हुंकारावर जगणारी परी

बसा रे बाळांनो, जरा सरकून बसा. गोष्ट सांगते, पण मधेमधे "हं" म्हणायचं बरं का! हुंकार नसला की गोष्ट रुसते. आणि या गोष्टीत तर एका परीचा जीवच हुंकारावर टांगलेला होता.

द्राक्षांच्या बागांपलीकडे एक वस्ती होती. तिथं शेवंती नावाची चिमुरडी आपल्या आईजवळ, कौसाजवळ राहायची. बाप देवाघरी गेलेला. कौसा दुसऱ्याच्या बागेत राबायची. सकाळी मुकादमाचा टेम्पो यायचा आणि वस्तीतल्या बायकांना घेऊन जायचा. वेलींच्या एका ओळीला दोन बायका, एक अलीकडून, एक पलीकडून. समोरासमोर उभं राहून घडातले जादा मणी कात्रीनं काढायचे. कौसाच्या समोर नेहमी सालूबाई असायची. शेवंती बांधावरच्या बाभळीला झोळी बांधायची आणि तान्ह्या राघूला, आपल्या भावाला, झोके द्यायची.

सगळं सोसलं असतं, पण तो मेला फवारा! बायका बागेत असतानाच औषधाचा ट्रॅक्टर घुंघुं करत यायचा. पांढरं धुकं घडांवर बसायचं, बायकांच्या डोळ्यांत जायचं आणि झोळीतही शिरायचं. राघू खोकून खोकून निळा पडायचा. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, "हे धुकं आणखी छातीत गेलं, तर लेकरू हाती लागायचं नाही." पण पोर अंगावर पिणारं, त्याला घरी ठेवायचं तरी कसं?

एकदा ट्रॅक्टर फवारत पुढच्या ओळीकडे गेल्यावर शेवंतीला पानाखाली काहीतरी फडफडताना दिसलं. वाकून बघते तर काय, एक इवलीशी परी! कोवळ्या मण्यासारखी हिरवीगार, केसांच्या जागी वेलीचे कुरळे तणावे, आणि इंद्रधनुष्याचे पंख औषधानं चिकटून बसलेले. शेवंतीच्या तांब्यात घोटभरच पाणी उरलं होतं. घसा तर कोरडा पडला होता. तरी तिनं ते सगळं परीच्या पंखांवर ओतलं आणि परकराच्या टोकानं हळूच टिपलं.

पंख लखलखले. परी तिच्या तळहातावर बसली. "बाळ, तू तहानेली राहिलीस माझ्यासाठी. माग, काय हवं ते. पण माझ्या वरदानाला नियम आहेत हं. स्वतःपुरतं मागायचं नाही. लपूनछपून मागायचं नाही, जो 'नाही' म्हणू शकतो त्याच्यासमोर मान वर करून मागायचं. आणि ते ऐकून कुणीतरी 'हं' म्हणायला हवं. जितके हुंकार, तितकं त्या मागण्याचं आयुष्य. हुंकार मिळाला नाही, तर मागणं सुकतं, आणि त्याच्याबरोबर मीही सुकते."

शेवंतीला कुठला धीर! ती धावतच बागेत गेली आणि मुकादमासमोर उभी राहून ओरडली, "बाया-लेकरं बागेत असताना फवारा मारू नका!"

बागेत चिडीचूप. कात्र्या थांबल्या. कौसानं मान खाली घातली, सालूबाईनं घडाआड तोंड लपवलं. बोलेल ती उद्या टेम्पोत नसेल, हे साऱ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात झोळीतून राघूच तेवढा म्हणाला, "हंऽ!"

ट्रॅक्टर खट्‌कन बंद पडला. पण तान्ह्या बाळाचा हुंकार तो केवढासा? चिमणी पाणी पिऊन उडेपर्यंत टिकला, आणि पुन्हा घुंघुं सुरू झाली.

मुकादम खवळला. "कौसाबाई, पोरीला लई तोंड फुटलंय. उद्यापासून तुमी येऊ नका."

दुसऱ्या दिवशी टेम्पो कौसाला टाकून निघून गेला. चूल थंड, राघूचं अंग तापलेलं. कौसा काही रागावली नाही. तिनं शेवंतीला कुशीत घेतलं आणि मुकाट रडली. ते रडणं शेवंतीला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

ती चालत चालत बांधावर गेली. परी पानाखाली पडली होती. अंग सुरकुतलेलं, हिरवा रंग तपकिरी झालेला, अगदी मनुकेसारखी!

"माझ्यामुळं झालं ना हे?" शेवंती हुंदके देत म्हणाली.

"तू खरं तेच मागितलंस, राणी," परी क्षीण आवाजात म्हणाली. "पण त्या बायकांचं काय दुखतंय, हे तू कधी ऐकलंस का? आधी हुंकार द्यावा, मग मागावा. आणखी एकदाच मागता येईल. तेही सुकलं, तर मी उरणार नाही."

संध्याकाळी वस्तीत भाकऱ्या थापल्याचे आवाज येऊ लागले, तशी शेवंती घरोघरी गेली. कुणाला काही मागितलं नाही, काही शिकवलं नाही. नुसती चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "तुमचं काय दुखतं, सांगता?"

धुरपाआजीनं सांगितलं, धुक्यानं तिच्या एका डोळ्याचा दिवा विझला. शेवंती म्हणाली, "हं." कुणी हातांची सालपटं दाखवली. शेवंती म्हणाली, "हं." सालूबाई मात्र आधी भाकरी थापतच राहिली. मग तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही, अशी बोलत सुटली. तिची तान्ही सोनुली गेल्या साली फवाऱ्याच्या दिवसांतच गेली होती. "त्याच बाभळीला झोळी होती गं माझीबी. आजवर कुणी इचारलंच न्हाई." शेवंतीला "हं" म्हणताना रडूच फुटलं. सालूबाईनं तिला पोटाशी धरलं. दोघी खूप रडल्या.

सकाळी टेम्पो आला. मुकादम म्हणाला, "कौसा सोडून बाकीच्या चढा."

सालूबाई जागची हलली नाही. "कौसा माझ्या समोरची. ती न्हाई, तर माझी ओळ अर्धी ऱ्हाईल. अर्धी ओळ मी करत न्हाई."

"मग दुसरीला घे की जोडीला!"

पण दुसरी कुठून येणार? एकेक बाई पदर खोचून सालूबाईच्या शेजारी येऊन उभी राहिली. शेवटी रिकामा टेम्पो पुढं आणि साऱ्या जणी पायी मागं, अशी वरात बागेत पोचली. कौसाच्या खांद्यावर राघू होता.

मालक बागेतच उभे होते, शेजारी औषधाचा ट्रॅक्टर घुंघुं करत होता. घड काम मागत होते, आणि बायका बांधावर हात बांधून उभ्या. शेवंतीनं मान वर केली. एका हाताच्या मुठीत पानाखालून उचलून घेतलेली ती सुकलेली परी होती.

"मालक, बाया-लेकरं बागेत असताना फवारा मारायचा न्हाई. आणि बोलली म्हणून कुणाला टेम्पोतून उतरवायचं न्हाई."

वाऱ्यानंसुद्धा श्वास धरला. परी मुठीत थंडगार पडत चालली. शेवंतीनं डोळे मिटले.

"हं," सालूबाई म्हणाली.

"हं," धुरपाआजी म्हणाली. आणि मग कौसा, परवा मान खाली घालणारी कौसा, साऱ्यांहून मोठ्यानं म्हणाली, "हं!" मग एक, मग दुसरी, मग सगळ्याच. ते हुंकार ओळीओळीतून घुमत गेले, पानं सळसळली, मणी थरथरले, आणि ट्रॅक्टर जो गप्प झाला तो गप्पच राहिला.

मालकांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, कौसाच्या खांद्यावर धापा टाकणाऱ्या राघूकडे पाहिलं. मुकादम काही बोलू लागला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. "तुम्ही घरी गेल्यावर फवारा होईल," ते हळू म्हणाले. "कौसाबाई, ओळ धरा तुमची."

शेवंतीनं मूठ उघडली. परी टवटवीत, रसरशीत, हिरव्या सोन्यासारखी उजळली होती!

"आता मला शोधू नकोस गं. माझं काम आता तुमच्याच गळ्यात आहे. पण जपा हं, एकीनं हुंकार टाकला तर बाकीच्यांचाही सुकतो."

एवढं बोलून ती लख्खकन झळाळली. पानापानातून हिरवा, सोनेरी, गुलाबी उजेड झिरपला, आणि परी त्यात विरून गेली.

राघूचा खोकला हळूहळू उतरला. तो झोळीतून रांगत बाहेर आला, मग ओळींमधून दुडुदुडु धावू लागला. सालूबाई काम करता करता आपल्या सोनुलीच्या गोष्टी सांगायची आणि वेलीच्या पलीकडून कौसा म्हणायची, "हं."

तशी तुमच्याही शेजारी कुणी आपलं दुखणं सांगू लागलं, तर काय म्हणाल रे बाळांनो?

हं. अस्सं. आता झाली माझी गोष्ट पुरी.